दासीचा उःशाप

भाद्रपदातलं ऊन म्हणजे तीन महिने ढगाआड कोंडलेल्या सूर्याने पंधरा दिवसांत उगवून घेतलेला सूड. परवा आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर एक कावळा बसला आणि पाय पोळून असा काही ओरडला, की खालच्या मजल्यावरच्यांनी घाईघाईने पान वाढलं. दिवस पितृपक्षाचे. त्यांना वाटलं, आपलेच आजोबा भुकेने कळवळताहेत.

याच उन्हात मी दरसाल पोथी वाळत घालतो. सुट्या पानांची, आडवी, लांबोडकी पोथी. एकेक पान चटईवर मांडायचं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर काहीतरी ठेवायचं: बटाटा, वाटी, सुनेचा मोबाइल, माझी कवळी. आमचा लातूरकडचा वॉचमन खालून मान वर करून विचारतो, "काय वाळू घातलाव आजोबा? पापड?"

"पोथी."

"मग वाचा की. वाळवून काय हुतंय?"

वाचून काय झालं ते याला सांगितलं, तर हा ड्यूटी टाकून गावाला पळेल. म्हणून मी नुसता हसतो आणि एक पान बाकीच्यांपासून दूर, कोपऱ्यात, पितळी वाटीखाली ठेवतो. त्याच्या एका बाजूला खळीचे पिवळे डाग आहेत. इतक्या उन्हांनी ते गेलेले नाहीत.

साल नक्की सांगत नाही, पंचावन्नच्या आगेमागे. आमचं गाव चाकणच्या अलीकडे, इंद्रायणीच्या कडेला. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधाचा कारखाना उभा राहत होता. त्या माळावर त्याआधी कुसळं आणि घोरपडी यांखेरीज काही पिकत नव्हतं. मी उन्हाळाभर तिथे विटा वाहायला होतो आणि पावसाळा लागला तसा गावी परतलो, तो विटांपेक्षा जड बातम्या घेऊन. तिथल्या एकेका टाकीत आपलं गाव गुराढोरांसकट बुडेल आणि वर चऱ्होलीला जागा उरेल. तिथे बुरशी पाळतात. होय, पाळतात, तिला गूळपाणी पाजतात, थंडी वाजू नये म्हणून तिच्या खोल्या ऊबदार ठेवतात आणि मग ती पान्हवते. त्या पान्ह्याच्या एका थेंबावर मेलेला माणूस तिरडीवरून उठतो आणि खांदेकऱ्यांना विचारतो, कुठं निघालाय राव? हे मी पारावर सांगायचो. माणसं हसायची आणि उद्या पुन्हा यायची. बुरशीचं तेवढं खरं होतं, म्हणून बाकीचंही खपून जायचं.

माझा आवाज तेव्हा असा होता की मी देवळात 'श्रीगणेशाय नमः' म्हटलं की नदीपलीकडच्या शेतातले बैल औतासकट थांबायचे. या आवाजापायीच पोथी माझ्याकडे आली. चातुर्मासात रोज तिसऱ्या प्रहरी पोथी सांगायची ती तात्या गुरवांनी. पण त्या वर्षी तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत वडस पूर्ण उतरले आणि दिसणं बंद झालं. मला समोर बसवून त्यांनी पोथीच्या रुमालाची गाठ सोडली आणि पहिला नियम सांगितला.

"सद्या, शापावर पोथी बांदायची न्हाई."

"म्हणजे?"

"अध्यायात कुनाला शाप लागला, की उःशाप येईस्तवर वाचत ऱ्हायाचं. पाऊस येऊ दे, पूर येऊ दे. मान्सं दुःख घिऊन घरी जाता कामा न्हाईत. जेवान जात न्हाई त्यांना."

हा नियम आमच्या गावाने इतका पाळला होता, की तात्यांच्या वडिलांच्या काळी म्हणे एका बारा वर्षांच्या शापाला उःशाप मिळेपर्यंत माणसं इतका वेळ बसून राहिली, की समाप्तीला सगळ्यांना दाढ्या आलेल्या होत्या. बायकांनाही.

पण गंमत सोडा. या जुन्या महाकाव्यांची मला तेव्हा मोठी ऐट वाटायची. त्यांत दुःखाला तोटा नाही. माणसांची जनावरं होतात, राण्या वनात हिंडतात, आयांच्या डोळ्यांदेखत मुलं जातात. पण त्या कवींनी एक सोय करून ठेवली आहे. शाप देणारा ऋषी कितीही कोपिष्ट असो, पाय धरले की त्याला पाझर फुटतो. शाप मागे घेता येत नाही, तोंडातून गेलेला असतो. पण त्याला तो एक दार ठेवतो. अमुक घडेल तेव्हा सुटशील. बस्स. एकदा दार आहे म्हटल्यावर माणूस हजार वर्षं दगड होऊन पडायला तयार होतो. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत वाढलो. ज्या दुःखाला सुटका नाही ते आम्हांला दुःख वाटायचंच नाही. वाटायचं, गोष्ट अजून अर्धी राहिली आहे.

माझी थोरली बहीण चंद्रा, आमची आक्का, तेव्हा माहेरी होती. होती म्हणजे आणून घातलेली होती. आदल्या वर्षी पंचमीला आली, तेव्हा चाकणची अमिनाचाची बांगड्या भरायला आमच्या अंगणात बसली होती. या मनियार बाईचा हात इतका हलका, की असं म्हणत, तिने झोपलेल्या बाईला डझनभर बांगड्या भराव्यात आणि बाईला सकाळी कळावं. त्या दिवशी मात्र एक बांगडी आक्काच्या हातावर पिचली. काच तळव्याच्या कडेला घुसली. रक्त आलं. आणि आक्का आईशी हसत बोलतच राहिली.

चाची थांबली. तिने आणखी एक काच हळूच टोचून पाहिली. आक्का हसतच होती. चाचीने आपला पदर त्या हाताला गुंडाळला, पैसे न घेता टोपली उचलली आणि आईला तेवढं मागच्या दारी बोलावलं. ती कुणाला बोलली नाही, आईही बोलली नाही, तरी महारोग हा शब्द दिवाळीच्या आत आक्काच्या सासरी पोहोचला. तिकडून न्यायला कुणी आलं नाही. तिची जागा गोठ्याच्या कडेच्या पडवीत झाली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. त्या बांगडीच्या दिवसापूर्वी हेच हात असे होते, की पोथीचा लाल रुमाल तिने शिवला तेव्हा टाके मोजायला तात्यांनी भिंग मागवलं होतं.

चाकणला बाजाराच्या दिवशी जीपमधून एक डॉक्टर यायचे. पांढऱ्या गोळ्या द्यायचे. चाचीच आक्काला आपल्या बैलगाडीत बांगड्यांच्या टोपल्यांमागे बसवून न्यायची. डॉक्टर म्हणाले होते, बाई, आत्ताशी सुरुवात आहे. बोटं सगळी उघडताहेत. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, पण एक आठवडा चुकवू नका. हात वाचेल. आक्का चुकवत नव्हती. रस्त्यात माणसं गाडीला वाट देताना जरा जास्तच लांब सरकायची, ते तेवढं ती खाली मान घालून सोसत होती.

पोथी ऐकायला ती देवळात येत नसे. दीपमाळेपाशी बसायची. चाची गावात असली की तिच्या शेजारी बसायची. आत न येणाऱ्या दोघी. आणि माझा आवाज त्या दोघींपर्यंत पोहोचून वर आळंदीपर्यंत जात होता.

श्रावणातला एक दिवस. त्या दिवसाच्या अध्यायात एक राजा रथ उधळीत रानातून जातो, चाकांची धूळ एका ऋषीच्या होमात पडते, आणि ऋषी डोळे उघडतो. "राजा, तू गिधाड होशील. राणी, तू कोरडी विहीर होशील." आणि मागे पाण्याचा कलश घेऊन उभी असलेली एक दासी, जिने काहीच केलेलं नव्हतं, तिला म्हणतो, "तुझे हात लाकूड होतील." तिघेही पाय धरतात. पानाच्या शेवटच्या ओळीत ऋषीला पाझर फुटतो. ऋषी बोलता झाला—

मी पान उलटलं. पुढच्या पानावर वेगळंच अरण्य, वेगळाच राजा.

पान गहाळ! मी पुढची चार पानं चाळली, मागची चार चाळली. सभामंडपात पन्नास माणसं माना पुढे काढून बसलेली. तात्या खांबाला टेकून, पांढरे डोळे छताकडे लावून बसलेले. शापावर पोथी बांधायची नाही. आणि मी बाहेर पाहिलं, तर दीपमाळेपाशी आक्का गुडघ्यांवर हात ठेवून इतकी पुढे झुकली होती, की आता तोल जाईल असं वाटलं.

मग मी पानाकडे बघून, पानावर नसलेलं वाचायला लागलो. राजाला एका ओवीत सोडवलं, राणीला अर्ध्या. दासीला मात्र सहा ओव्या दिल्या. पाच विसरलो. सहावी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

जेव्हां उजाड माळावरीं । उठेल धुराची उभारी ।
बुरशीमधोनि अमृतझरी । वाहेल, तेव्हां सुटसी तूं ॥

सभामंडपात असा हुंकार उठला की घंटा आपोआप वाजली. "आरं, पिंपरीचा माळ हाय त्यो!" कुणीतरी ओरडलं. "पोथीत पिंपरी!" माणसांनी पोथीला पुन्हा नमस्कार केला. मी पोथी बांधली. त्या दिवशी गावात सगळ्यांना जेवण गेलं. मलाही दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

संध्याकाळी आक्काने पडवीतून हाक मारली. "सदा, ती बुरशी म्हंजी लोनच्यावरची का भाकरीवरची?"

तिच्या तोंडावर हसू होतं. वर्षभरात मी ते पाहिलं नव्हतं. ते पाहून माणसाने काय करावं?

"भाकरीवरची," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी नंतर किती वेळा परत गिळले असतील, सांगता येणार नाही. थापा मारणारा माणूस मी. माझ्या हजार थापा हवेत उडून गेल्या, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. ही एकच एका माणसाने हातात धरून ठेवली.

आक्काने शिंक्यात भाकरी ठेवली. पावसाळी हवेत चार दिवसांत तिच्यावर हिरवी लव आली. ती लव ती बोटांवर चोळायची, वर भाकरीचा तुकडा ठेवायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने घट्ट बांधायची. दर चार दिवसांनी नवा तुकडा. चाकणला जाणं तिने बंद केलं. कारखान्याचा धूर निघेपर्यंत घरची बुरशी, आणि धूर निघाला की तिकडची. मग गोळ्या कशाला? रस्त्याने माणसं लांब सरकतात ते बघायला?

तीन बाजार चुकल्यावर अमिनाचाची मला नदीच्या उतारावर गाठून म्हणाली, "सद्या, ती ओवी पोथीत हाय का तुझ्या डोक्यात?"

मी पायाने वाळू उकरायला लागलो.

"या अल्ला," चाची म्हणाली. "आरं, मी बांगडीवाली. बोट मरतंय का जगतंय ते मला हात धरल्यावर कळतं. तिची चिंधी मला सोडू देत न्हाई ती. जा, सांग तिला, मी थाप मारली म्हनून."

"चाची, पोथीत थाप मारली असं कळलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही मला."

"तोंड?" चाची टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तिची बोटं चाललीत, आन तुला तोंडाची पडलीया?"

उद्या सांगू, असं ठरवून मी रोज देवळात गेलो आणि रोज कुणाकुणाला उःशाप वाचून दाखवला. त्या महिन्यात किती राजे सुटले! किती अप्सरा मगरींच्या जन्मातून वर आल्या! माझ्या आवाजाने शिखरावरचे पारवे उडत होते, आणि दीपमाळेपाशी आक्का, चिंध्यांत गुंडाळलेले हात मांडीवर ठेवून, दर सुटकेला मान हलवत होती. जणू रांग पुढे सरकते आहे आणि आपला नंबर येतो आहे. रोज एकदा तरी मनात यायचं, आता थांबावं, पोथी मिटावी, बाहेर जाऊन सांगावं. पण तिच्या तोंडावरचं ते हसू! ते काढून घ्यायला मोठं काळीज लागतं. माझ्याकडे फक्त मोठा आवाज होता.

आश्विनात कारखान्याचा धूर दिसला. दिसला म्हणजे कुणी तरी भोसरीहून येऊन सांगितलं. पण आक्का म्हणाली, मला दिसला. दिवाळी आटोपल्यावर आम्ही दोघं चालत निघालो. ती पुढे, मी मागे. रस्ताभर ती बोलत होती. हात बरे झाले की पहिल्यांदा काय करायचं, तर पोथीला नवा रुमाल. या रुमालाचे टाके विरलेत. मी 'हो हो' करत होतो आणि मनात त्या कारखान्याला नवस बोलत होतो. माणूस थापेला नवस बोलतो, याहून खाली जाता येत नाही.

दारावरच्या माणसाने आम्हांला हाकललं नाही. हाकललं असतं तर त्याला शिव्या देऊन घरी आलो असतो. त्याने आतून एका पॅंटवाल्या गृहस्थांना बोलावलं. ते कडेच्या झाडाखाली आक्कासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चिंधी सोडली. एक वेढा, दुसरा वेढा. वास आला. आक्का त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत होती. हाताकडे बघायचं तिला कारणच नव्हतं, हात दुखत नव्हता. मी पाहिलं. दोन बोटं आत वळून घट्ट बसली होती, आणि तिसरं अर्धं राहिलं होतं.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "इथलं औषध या रोगावर चालत नाही. ज्या गोळ्या चालतात, त्या चाकणला मिळतात. घेत नव्हता?"

"घेत हुते. मग सोडल्या."

"कुणी सांगितलं सोडायला?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. "पोथीनं," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवरही ती पुढे, मी मागे. नदी दिसायला लागल्यावर मी मागूनच म्हणालो, "आक्का, पोथीत तसं नाही. ते पान गहाळ होतं. मी मनचं म्हटलं."

ती चालत राहिली. मग तिने मागे न बघता विचारलं, "मग खऱ्या पानात काय हाय?"

आम्ही तसेच देवळात गेलो. तात्या खांबाला टेकून होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. ते रागावतील, काठी उगारतील, असं वाटलं होतं. त्यांनी नुसता हात पुढे केला. "पोथी आन."

त्यांनी त्या अध्यायाची पानं एकेक करून बोटांत धरली. आंधळ्याची बोटं, त्यांना कागदाचा श्वास कळत होता. एका पानाशी थांबली. "ह्ये जाड लागत न्हाई तुला? पानी लाव."

मी ओलं फडकं फिरवलं. पानाची कड सुटली. त्या पानाच्या पाठीला पुढचं पान, अक्षरांची बाजू आत घेऊन, चारी बाजूंनी खळीने चिकटवलेलं होतं.

"मी न्हाई डकवलं," तात्या म्हणाले. "माज्या बापाच्याही आदी कुनी तरी डकवलं आसंल. पर ततं आलं की मी दरसाल काईतरी म्हनायचो. बापबी म्हनायचा. बापाची दासी गंगेत न्हाऊन सुटायची, माजी तुळशीच्या पान्यानं. तू म्हनालास तवा मला वाटलं, चला, पोराला जमलं." त्यांचं बोट सुटलेल्या कडेवरून फिरत राहिलं. "त्ये खरं धरून कुनी बसंल, आसं नव्हतं रं वाटलं."

आक्का उंबऱ्याच्या बाहेर बसली होती. "वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. तीन ओव्यांत राजाला उःशाप होता. पुढे राज्य त्यालाच करायचं होतं. दोन ओव्यांत राणीला होता. तिच्या पोटी पुढच्या अध्यायातला वीर जन्मायचा होता. मग ऋषी आपल्या वाटेने गेला, सूर्य मावळला, अध्याय संपला.

"आन दासीचं?"

मी पान उलटं केलं. उलट्या बाजूला तेच वेगळं अरण्य, तोच वेगळा राजा. पुन्हा सुलटं केलं. ओळीओळीवरून बोट फिरवलं. नव्हतं. कवीला घाई होती. ज्यांची पुढे गरज होती त्यांना त्याने सोडवलं, आणि कलश घेऊन मागे उभ्या असलेल्या बाईला तिथेच, लाकडाचे हात घेऊन उभी ठेवली. कुणा जुन्या वाचणाऱ्याला ते बघवलं नसणार. दुरुस्त करायची तर त्याची ताकद नव्हती. म्हणून त्याने खळ शिजवली असेल.

अजूनही मी भाद्रपदात ते पान उन्हात ठेवतो तेव्हा नीट बघून घेतो. कधी कधी वाटतं, अक्षरं पुसट आहेत, एखादी ओवी उन्हात वर येईल. येत नाही. आक्काने त्या दिवसानंतर एकही बाजार चुकवला नाही. चाचीची गाडी दारात यायची, तिच्या पाठीमागच्या टोपल्यांत बांगड्या किणकिणायच्या, आणि आक्का चढताना हात पदराखाली घ्यायची. गोळ्यांनी रोग जिथे होता तिथे थांबला. पुढे ती पुष्कळ जगली, त्याच पडवीत. बोटं मात्र ज्या चार महिन्यांत गेली, त्या चार महिन्यांतच राहिली. गोळ्यांना मागे जाता येत नाही. तसं फक्त पोथीत होतं, आणि तेही राजांचं.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलं आहे.

आक्काने 'दासीचं?' विचारलं, मी पान दोनदा उलटंपालटं केलं, आणि इतक्या सगळ्यानंतरही, देवाशप्पथ, माझ्या जिभेवर एक ओवी येऊन बसली. गोड, गोल, यमकाने चपखल. मी श्वास घेतला. तोंड उघडलं.

आक्का उंबरा ओलांडून आत आली. वर्षभरात पहिल्यांदा. तिने तो उघडा पडलेला हात पानावर ठेवला.

"नगं," ती म्हणाली. "बांद आता."

"शापावर?" मी तात्यांकडे पाहिलं. तात्या छताकडे बघत होते.

"शापावरच बांद," आक्का म्हणाली. "कुनाला वाट तरी बगाय नगं."

स्वतः शिवलेल्या लाल रुमालाची चारी टोकं तिने मनगटाने माझ्याकडे सरकवली. गाठ मी मारली.